सिस्टरचे ३० सेकंद

जुलै महिना, सिंधुदुर्गातलं तालुक्याच्या गावचं हॉस्पिटल. बाहेर धो धो पाऊस, लावणीचे दिवस, त्यामुळे फिमेल वॉर्ड तापाच्या पेशंटनी भरलेला, कोणाला लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुताने घाण झालेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाचा संशय, तर कोणाचा चिखलात कापलेला पाय सुजून पू झालाय. नाईटला सिस्टर एकच, पेशंट ३०.

हिशोब करून बघा. पेशंटला हात लावायच्या आधी आणि नंतर हात साफ करायचे, डब्ल्यूएचओने २००९ सालीच असे ५ प्रसंग सांगितलेत, त्यातले हे दोनच धरले तरी हॅन्डरबला, म्हणजे हातावर चोळायच्या सॅनिटायझरला, प्रत्येक वेळी २० ते ३० सेकंद, म्हणजे एका राउंडला वीस मिनिटं ते अर्धा तास नुसता हातांचा. थेट पुढच्या बेडला गेली तर एकात भागेल, पण मधे फाईल येते, सलाईनचा स्टँड येतो, नातेवाईक येतो. आणि लाईट गेली की पंप बंद. बाहेर एवढं पाणी पडतंय नि बेसिनच्या नळाला थेंब नाही, तेव्हा बादली-मग आला, म्हणजे धुतलेल्या हाताने परत त्याच मगाचा कान धरायचा. ते बघून खरंच पोटात कालवतं.

सिस्टर निष्काळजी असतात हे मला नाही पटत. सुईचंच घ्या ना, वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, लगेच कटरने कापून पांढऱ्या डब्यात टाकायची हे त्यांना पाठ आहे. पण कटर वॉर्डाच्या त्या टोकाला, आणि इकडे ७ नंबरची आजी हाक मारतेय, "गो बाय, सलाईन संपला!" उघडी सुई घेऊन कोण पळेल? टोपण लावलं जातं, आणि तिथेच बोटाला टोचतं. टोचलं तर पिळायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं आणि लगेच सांगायचं, कारण एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आतच सुरू व्हायला लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि हेपेटायटिस बीचा धोका तर त्याहून कितीतरी मोठा, त्याची लस आधीच घेतलेली पाहिजे. तरी काहीजणी गप्प बसतात, माझीच चूक काढतील म्हणून.

इथे आता कटर ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात आलाय, हॅन्डरबची बाटली दांड्याला सुतळीने बांधलीय. आजी परत हाक मारते.

"येतंय हां आजी," सिस्टर म्हणते, आणि अंगठा नीट चोळूनच निघते.