लष्करची 121 मतं

हा ग्वाल्हेरचा महाराज बाडा. समोर टाऊन हॉल, पलीकडे सराफा. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथं पडली ती उठलीच नाही, म्हणून या भागाचं नावच लष्कर. मराठी घरं अजून टिकून आहेत. स्वयंपाकघरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि राजकारणावर भांडायचं तर दोन्ही.

28 नोव्हेंबर 2018, मध्य प्रदेश विधानसभेचं मतदान. बटण दाबलं की काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि डब्यात पडते. लष्करच्या जुन्या पेठा ज्यात येतात त्या ग्वाल्हेर दक्षिणमध्ये भाजपचे मंत्री नारायणसिंह कुशवाह हरले. काँग्रेसच्या प्रवीण पाठकांकडून, अवघ्या 121 मतांनी! ‘नोटा’लाच याच्या कितीतरी पट मतं पडली होती. पण खरा दणका घरातूनच बसला. भाजपच्याच माजी महापौर समीक्षा गुप्ता बंड करून अपक्ष उभ्या राहिल्या आणि 30 हजारांच्या आसपास मतं घेऊन गेल्या.

राज्यातही असंच काठावरचं. भाजपला 41.02 टक्के मतं, काँग्रेसला 40.89, जागा मात्र काँग्रेसच्या 114, भाजपच्या 109. बहुमताला 116 हवे होते. बसप, सप आणि अपक्षांना सोबत घेऊन 17 डिसेंबरला काँग्रेसच्या कमलनाथांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. भाजपची 15 वर्षांची सत्ता गेली.

ती परत आली मार्च 2020 मध्ये, मतदान न होताच. ग्वाल्हेरच्या राजघराण्यातले काँग्रेस नेते ज्योतिरादित्य शिंदे भाजपमध्ये गेले, काँग्रेसच्या 22 आमदारांनी राजीनामे दिले, कमलनाथ पायउतार झाले. इथल्या जुन्या माणसांनी हे आधी पाहिलं होतं. 1967 मध्ये ज्योतिरादित्यांच्या आजी विजयाराजे यांच्याच पाठबळावर काँग्रेसचे 36 आमदार फुटले आणि द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार कोसळलं.

तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता. फुटलेला आमदार खुशाल दुसऱ्या बाकावर जाऊन बसायचा. तो कायदा 1985 चा. त्यामुळे 2020 च्या आमदारांना आधी आमदारकी सोडावी लागली, मग पुन्हा दारोदार मतं मागावी लागली. नोव्हेंबरमध्ये 28 जागांची पोटनिवडणूक झाली. भाजपनं 19 जिंकल्या, सरकार टिकलं. खुद्द ग्वाल्हेर जिल्ह्यात, म्हणजे महाराजांच्या अंगणात, तीन जागा होत्या. राजीनामा देऊन भाजपमध्ये गेलेल्या तिघांपैकी प्रद्युम्नसिंह तोमर निवडून आले. डबऱ्याच्या मंत्री इमरती देवी आणि ग्वाल्हेर पूर्वचे मुन्नालाल गोयल यांना मतदारांनी घरी बसवलं.