एकच शिराझ, चार रानं

(दृश्य: तासगाव तालुक्यातली बाग, उजाडायच्या आधी. कात्र्यांचा आवाज, क्रेटमध्ये ठेवले जाणारे घड.)

फेब्रुवारीत आमच्याकडं माणसांच्या आधी बागा जाग्या होतात. ऊन चढायच्या आत माल निघाला पाहिजे. व्यापारी आला की पहिल्यांदा मणी बघतो, मग रिफ्रॅक्टोमीटरवर दोन थेंब टाकून साखर बघतो, मग रंग. दर तिथंच बांधावर फुटतो. मी लहानपणापासून हेच बघत आलोय. द्राक्षाची चव कशी आहे, असं मात्र कुणी कुणाला विचारलेलं मला आठवत नाही. गोड आहे ना, झालं तर मग.

आमच्या बागेला लागून तात्यांचं रान आहे. त्यात पाऊण एकर असं द्राक्ष आहे, की बाजारात पाटी भरून ठेवली तरी गिऱ्हाईक हात लावणार नाही. मणी करवंदाएवढा, साल जाड, आत बिया. जात शिराझ.

(दृश्य: शिराझचा घड, अगदी जवळून. मण्यांवरची पांढरी लव.)

2001 साली राज्याचं वाइन धोरण आलं. नाशिककडं विंचूरला आणि आपल्याकडं पलूसला वाइन पार्क उभे राहिले. त्या भरात इथल्या बऱ्याच जणांनी वाइनची द्राक्षं लावली, त्यात तात्याही होते. पुढं मागणी बसली. ज्यांच्याशी करार होता त्यांनी एका हंगामात माल उचललाच नाही. घड वेलीवर सुकले. शेजारच्यांनी बागा उपटून पुन्हा खायचं, बिनबियांचं थॉम्पसन लावलं. तात्यांनी एवढा तुकडा ठेवला. आता त्याचा माल पलूसच्या एका छोट्या वाइनरीत जातो. पण त्या मालाची वाइन तात्यांनी एकदाही चाखली नव्हती. मला ही गोष्ट फार लागली. ऊस घालणाऱ्यानं साखर चाखलेली असते, हळदवाल्याच्या घरात स्वतःची हळद असते. वीस वर्षं शिराझ पिकवणाऱ्याला आपल्या शिराझची चव माहीत नाही, हे बरोबर नाही.

म्हणून चार बाटल्या जमवल्या. एक तात्यांचा माल जातो त्या वाइनरीची, एक नाशिकची. चुलतभाऊ परदेशातून येणार होता, त्याला दोन आणायला सांगितल्या: फ्रान्समधल्या ऱ्होन नदीकाठची क्रोझ-एर्मिटाज आणि ऑस्ट्रेलियातल्या बारोसाची. फ्रान्सच्या बाटलीवर द्राक्षाचं नाव नव्हतं, फक्त गावाकडचं नाव. तिथं या द्राक्षाला सिरा म्हणतात. क्रोझच्या लाल वाइनमध्ये 15 टक्क्यांपर्यंत पांढरी द्राक्षं चालतात, त्यामुळं निव्वळ सिराची आहे ना, हे आधी खात्री करून घेतलं. जात एकच नसेल तर तुलनेला अर्थ नाही.

(दृश्य: तात्यांचा सोपा, संध्याकाळ. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार बाटल्या, कागदावर खडूनं आकडे.)

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, असं सगळीकडं लिहिलेलं असतं. ती खोली थंड मुलखातली असते, 16 ते 18 अंशांची. आमच्या सोप्यात सात वाजता 28 अंश होतं. तेवढ्या गरम वाइनमधून अल्कोहोलच नाकात शिरतो, बाकी काही कळत नाही. चारही बाटल्या अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवल्या. ग्लास सारखे, प्रत्येकात दोन घोट. मधे मधे खायला कोरी भाकरी आणि पाणी. थुंकायला बादली.

बसलेले चौघं. तात्या, काकू, बेदाण्याचा व्यापार करणारे मामा आणि मी. काकू माळकरी आहेत. त्या पिणार नव्हत्या, पण म्हणाल्या, “वास घ्यायला माळ आडवी येत न्हाई.”

एकच नियम ठरला. लेबलांवर ब्लॅकबेरी, प्लम असलं लिहिलेलं असतं. आमच्यात ब्लॅकबेरी कुणी खाल्लेली नाही. तेव्हा जे खाल्लंय, हुंगलंय, त्याचंच नाव घ्यायचं.

एक नंबर. काकूंनी ग्लास नाकाशी नेला आणि लगेच म्हणाल्या, “मिरी. आत्ता कांडल्यागत.” मला आणि मामांनाही आली. तात्यांना काही केल्या येईना. काकूंनी खलबत्त्यात चार मिरे ठेचून त्यांच्या हातावर दिले. तो वास त्यांना स्वच्छ आला. पुन्हा ग्लास, पुन्हा काही नाही. तात्या खट्टू झाले, नाक म्हातारं झालं म्हणाले.

तात्यांच्या नाकाचा यात दोष नाही. शिराझमध्ये मिरीचा वास रोटुंडोन नावाच्या घटकामुळं येतो, आणि तोच घटक खऱ्या मिरीतही असतो. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2008 मध्ये हे मांडलं, आणि त्यातच दिसलं की साधारण पाचातल्या एका माणसाला हा घटक हुंगताच येत नाही. खऱ्या मिरीत इतरही वासाची तेलं असतात, म्हणून ती तात्यांना कळते. थंड जागी, थंड हंगामात पिकलेल्या द्राक्षात हा घटक जास्त उतरतो. एक नंबर जिभेवर आमसुलासारखी आंबट होती, अंगानं सडपातळ. मला ती खूप आवडली.

दोन नंबर. सुरुवात चांगली होती, पिकल्या जांभळाची. पण घोट खाली उतरला आणि दातांच्या हिरड्या आवळल्या. तात्यांनी तोंड वाकडं केलं. “हिरडा चघळल्यागत झालं. कुणीतरी कच्चंच तोडलंय बघा.”

तीन नंबर ग्लासात ओतली तेव्हाच काळीभोर दिसली. मागं पांढरा कागद धरला तरी पलीकडचं दिसेना. मामांनी वास घेतला आणि ग्लास खाली ठेवून हसले. “आरं, ही आपली हाय! शेडात बेदाण्याचं रॅक भरलंय, तिथं उभा ऱ्हायल्यागत वाटतंय.” जन्म बेदाण्यात गेलेल्या माणसाचा शब्द, आम्ही सगळ्यांनी मान्य केला. तोंडात ती जाड होती, गुळाच्या काकवीसारखी, आणि गिळल्यावर छातीत ऊब. तुरटपणा होता, पण मऊ, जुन्या घोंगडीसारखा.

चार नंबरवर फार बोलणं झालं नाही. जांभूळ, थोडा लाकडाच्या पिंपाचा धूर, नीटनेटकी. तात्यांना तीच सगळ्यात बरी वाटली.

मधेच मामांनी विचारलं, शिराझ म्हणजे इराणातलं गाव ना, तिथनंच आली असंल? ही गोष्ट फार ठिकाणी सांगतात. पण 1990च्या दशकाच्या अखेरीस जनुकीय तपासणी झाली. या जातीचे आईबाप दुरेझा आणि मोंदूझ ब्लाँश निघाले, दोन्ही आग्नेय फ्रान्सचे. शिराझ तिथलीच लेक. 1832 साली जेम्स बस्बी नावाच्या माणसानं युरोपातून वेलींच्या काड्या ऑस्ट्रेलियात नेल्या, त्यात हीही होती.

(दृश्य: कागद सोडवणारे हात.)

मग कागद सोडवले.

एक नंबर क्रोझ. चार नंबर नाशिक. तीन नंबर, मामांचं बेदाण्याचं रॅक, बारोसाचं निघालं. लेबलवर अल्कोहोल 14.5 टक्के.

आणि दोन नंबर तात्यांच्या मालाची.

बराच वेळ कुणी बोललं नाही. तात्यांनी बाटली हातात घेतली, फिरवून बघितली. मग म्हणाले, “मी कच्चं तोडत न्हाई. तेवीस साखर होती. चिठ्ठी हाय माझ्याकडं.”

ते खरंच बोलत होते. तेवीस ब्रिक्स, म्हणजे रसात साधारण तेवीस टक्के साखर. खायच्या द्राक्षाला हवी त्यापेक्षा कितीतरी जास्त, बेदाण्यालाही पुरेशी. त्यातून साडेबारा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल होतो. साखरेत काही कमी नव्हतं. तुरटपणा मात्र साखरेतून येत नाही, तो साल आणि बियांतून येतो. आणि बी साखरेच्या चालीनं पिकत नाही.

ऱ्होनकाठी द्राक्ष सप्टेंबरात तयार होतं. दिवस लहान होत असतात, रात्री गार. साखर हळूहळू चढते आणि तोवर बीही तपकिरी होते. बारोसात ऊन कडक, पण तिथंही तोडणी उन्हाळा उतरताना होते. शिवाय तिथं फायलोक्सेरा ही वेलीची मुळं खाणारी कीड पोचली नाही, त्यामुळं 1840च्या दशकातल्या वेली अजून स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत. आमचं गणित उलटं. वेलीला झोपच नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, काडीवरचे डोळे फुटावेत म्हणून पेस्ट. घड थंडीत वाढतो आणि ऊन चढत असताना पिकतो. फेब्रुवारीत साखर धावत सुटते, आंबटपणा उतरतो, बी मागं राहते. वाइनरीचा फोन येतो, आकडा विचारतात, गाडी येते.

आणि बी बघायची आम्हाला सवयच नाही. थॉम्पसन, तास-ए-गणेश, सोनाका, आमची सगळी दुनिया बिनबियांची. ज्याचा जन्म बिनबियांच्या मण्यांत गेला, तो बी चावून कशाला बघेल?

(दृश्य: दुसऱ्या दिवशीची सकाळ. तात्यांची शिराझ, वेलीच्या आडव्या ओलांड्याखाली लोंबणारे घड.)

सकाळी तात्या माझ्या आधी बागेत होते. ओळीच्या मधल्या वेलीवरनं, सावलीच्या बाजूनं मणी तोडत होते. खिशात रिफ्रॅक्टोमीटर. पहिला मणी दाबला, थेंब काचेवर. साडेबावीस.

मग साल वेगळी केली, गर बाजूला, आणि बी तळहातावर घेतली. बुडाशी तपकिरी, टोकाला अजून हिरवी. दाताखाली धरली. ती फुटली नाही, चिंबली. तात्यांनी डोळे बारीक केले, जीभ टाळ्याला लावून बघितली.

“कालचीच चव.”

दुसरा मणी उन्हाच्या बाजूचा. त्यातली एक बी कडक आवाज करत फुटली. ती त्यांनी बराच वेळ चघळली, आणि दुसरी माझ्या हातावर ठेवली. तिला भाजक्या शेंगदाण्याची चव होती.

वाइनरीचा फोन आला तेव्हा आम्ही ओळीच्या शेवटाला होतो. साखर किती, पलीकडनं विचारलं. तात्यांनी आकडा सांगितला आणि म्हणाले, “पर गाडी आत्ता धाडू नका. बी हिरवी हाय. आठ दिस थांबू, मग सावलीचं आधी बघू.”

फोन खिशात घालून ते पुढच्या ओळीत शिरले.