पासिंग ऑफच्या दाव्यात आकडा कसा ठरतो

मित्रहो, पासिंग ऑफचा, म्हणजे आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवल्याबद्दलचा दावा म्हटला की आपलं सगळं लक्ष मनाई हुकमाकडे लागतं. तो मिळाला की पक्षकार खूश आणि आपणही खूश. नुकसानभरपाईची मागणी मात्र दाव्याच्या शेवटी, अंदाजानं घातलेल्या आकड्यासकट पडून राहते. उलटतपासात तो आकडा कुठून आला हे विचारलं, की वादीला घाम फुटतो.

इथे संरक्षण गुडविलला, म्हणजे धंद्याच्या नावलौकिकाला आहे, चिन्हाला नाही. गुडविल, फसवं सादरीकरण आणि नुकसान सिद्ध झालं की दावा उभा राहतो; पण नुकसान किती झालं, हे वादीलाच दाखवावं लागतं.

पहिला हिशेब बुडालेल्या विक्रीचा. प्रतिवादीनं हजार नग खपवले म्हणून वादीचेही हजारच बुडाले असं होत नाही. निम्म्या भावात घेणाऱ्यांतले किती जण वादीचा पूर्ण भाव मोजणार होते? काहींनी तिसऱ्याच कंपनीचा माल उचलला असता, काहींनी काहीच घेतलं नसतं. बरं, भरपाई नफ्याची असते, उलाढालीची नव्हे. न बनवलेल्या मालाचा वाचलेला खर्च वजा करावाच लागतो. उलट, टिकून राहण्यासाठी वादीला स्वतःचा भाव उतरवावा लागला असेल, तर तीही हानीच. आणि नेमकी तीच मागायला लोक विसरतात.

विक्री बुडालेलीच नसेल तर? १९९९ मध्ये टॉकस्पोर्ट या ब्रिटिश रेडिओ कंपनीनं जाहिरातीसाठी मोटार शर्यतपटू एडी अर्व्हाइन याचा फोटो त्याला न विचारता वापरला. मूळ फोटोत त्याच्या हातात मोबाइल होता. तो काढून तिथे स्टेशनचं नाव असलेला रेडिओ बसवला. खालच्या कोर्टानं वाजवी मानधन म्हणून २,००० पौंड दिले. २००३ मध्ये अपील कोर्टानं ते २५,००० केले. कंपनीला किती परवडलं असतं हा प्रश्नच गैरलागू. रीतसर परवानगी घ्यायची असती, तर तिला किती मोजावे लागले असते, हा खरा प्रश्न. अर्व्हाइन २५,०००च्या खाली तयारच झाला नसता, असा पुरावा होता. मला हा निकाल फार आवडतो, कारण आकडा जुन्या करारांतून आणि साक्षीतून आला, न्यायाधीशांच्या सहानुभूतीतून नाही.

आपल्याकडे व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम १३५ नुसार भरपाई किंवा प्रतिवादीच्या नफ्याचा हिशेब, यांपैकी एकच मिळतं. निवड वादीची. प्रतिवादी तोट्यात विकत असेल, तर नफा मागून हाती काय येणार?

दंडात्मक भरपाईचं, म्हणजे प्रतिवादीला धडा शिकवण्यासाठी वर लावलेल्या रकमेचं आकर्षण वेगळं. २००५ च्या टाइम नियतकालिकाच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयानं पाच लाख रुपये दंडात्मक दिले आणि मग जो तो तेच मागू लागला. २०१४ मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हर विरुद्ध रेकिट प्रकरणात त्याच न्यायालयाच्या खंडपीठानं त्या दृष्टिकोनाशी असहमती दाखवली. मला ते रास्त वाटतं. आधी खरी हानी मोजा. तिची भरपाई अपुरी पडली, तरच दंडाचा विचार.

आणखी एक खाचखळगा. वापर सुरू करताना वादीचं चिन्ह वापरात आहे हे आपल्याला ठाऊक नव्हतं, ठाऊक असायला कारणही नव्हतं, आणि कळताच वापर थांबवला, हे प्रतिवादीनं पटवलं, तर नाममात्र रकमेपलीकडे भरपाई मिळत नाही. त्यामुळे नोटीस त्याच्या हाती कोणत्या तारखेला पडली आणि त्यानंतरची त्याची बिलं काय सांगतात, हे आधी गोळा करा.