लोकसंख्या शून्य, तरीही गावाला मेअर

नमस्कार मंडळी!

फ्रान्सच्या जनगणनेत एक गाव आहे, फ्लरी-दव्हाँ-दुओमों. त्याच्या नावापुढे लोकसंख्येचा आकडा आहे 0. रकाना मोकळा सोडलेला नाही, रीतसर शून्य लिहिलंय. आणि या गावाला मेअर आहे. आज मला तुम्हाला या शून्याबद्दल सांगायचंय.

(पडद्यावर: ईशान्य फ्रान्सचा नकाशा, व्हर्दून शहर, त्याच्या वरच्या बाजूला फ्लरी)

फ्रान्समध्ये कारभाराचं सगळ्यात खालचं एकक म्हणजे 'कम्यून'. पॅरिस हीसुद्धा कम्यून आणि पन्नास उंबऱ्यांचं खेडं हीसुद्धा कम्यूनच. देशभरात अशा सुमारे 35 हजार आहेत, आणि प्रत्येकीला मेअर असतो. खेड्यातला मेअर म्हणजे आपला सरपंच समजा, फक्त लोकांची लग्नं लावायचा अधिकारही त्याच्याकडे असतो.

पहिल्या महायुद्धाच्या आधी फ्लरीत 422 माणसं राहत होती. शेतीवाडीचं गाव. चर्च, शाळा, बेकरी, लोहाराचं दुकान, बायका कपडे धुवायला जमायच्या तो सार्वजनिक हौद. जवळपासच्या कुठल्याही खेड्यासारखंच, इतिहासात नाव यावं असं काही तिथे घडलेलं नव्हतं.

21 फेब्रुवारी 1916. ऐन थंडीत, सकाळी जर्मन तोफा सुरू झाल्या आणि व्हर्दूनची लढाई पेटली. गाव रिकामं करायचा हुकूम आला. हाताला लागलं ते घेऊन लोक निघाले. चार दिवस गेले की परत येऊ, असंच कितीतरी जणांना वाटलं असणार. गोठ्यातली जनावरं, बियाणं, कपाटातली भांडी सगळं मागे राहिलं.

गावाचं दुर्दैव त्याच्या जागेत होतं. चारच दिवसांत, 25 फेब्रुवारीला, दुओमोंचा किल्ला जर्मनांच्या हाती पडला. त्यांच्या आणि व्हर्दून शहराच्या मध्ये आता उरला होता सूव्हीलचा किल्ला, आणि फ्लरी नेमकं त्या वाटेवरच्या डोंगरधारेवर वसलेलं. जूनमध्ये जर्मनांनी एका रात्रीत एक लाखाहून जास्त विषारी वायूचे गोळे डागले आणि 23 जूनला ते गावात शिरले. मग फ्रेंचांनी उलटा हल्ला केला. मग पुन्हा जर्मनांनी. त्या उन्हाळ्यात फ्लरीचा ताबा सोळा वेळा इकडून तिकडे गेला. ऑगस्टच्या मध्यावर मोरोक्कोहून आलेल्या फ्रेंच वसाहती रेजिमेंटने गाव कायमचं परत मिळवलं.

गाव म्हणतोय मी, पण एव्हाना तिथे भिंत नावाची वस्तू उरली नव्हती. घरांचे दगड मातीत कालवले गेले होते.

(थोडं थांबून, कॅमेऱ्याकडे)

युद्ध संपलं तेव्हा लोकांना घरी जायचं होतं. पण जमिनीत न फुटलेले गोळे, वायूचं विष आणि हजारो मृतदेह होते. नांगर धरायचा तरी कुठे? सरकारने हा पट्टा 'झोन रूज', म्हणजे लाल क्षेत्र, म्हणून जाहीर केला, जमिनी विकत घेतल्या आणि तिथे जंगल लावलं. व्हर्दूनच्या रणभूमीवर सुमारे 3 कोटी 60 लाख झाडं लावली गेली. फ्लरीच्या शेतकऱ्याला पैसे मिळाले, पण बापजाद्यांचं शेत गेलं ते गेलंच.

माणूस नाही तर गाव कागदावरून काढून टाका, शेजारच्या गावात मिळवून टाका, हा सोपा मार्ग होता. तो घेतला नाही. युद्धात पडलेल्या सैनिकाच्या नावापुढे फ्रान्स चार शब्द लिहितो, 'मॉर पूर ला फ्राँस', फ्रान्ससाठी मृत. व्हर्दूनच्या आसपासच्या नऊ उद्ध्वस्त गावांनाही हाच मान दिला गेला. 1919 पासून या गावांच्या कारभाराची वेगळी सोय झाली. मतदारच नसल्यामुळे फ्लरीत निवडणूक होत नाही. सरकारी अधिकारी, म्हणजे प्रिफे, तीन जणांची समिती नेमतो आणि तिचा अध्यक्ष मेअर. मला हा निर्णय फार मोठा वाटतो. गाव सोडून गेलेल्यांना 'आम्ही फ्लरीचे' असं म्हणायला एक पत्ता शिल्लक राहिला.

(पडद्यावर: जंगलातली पायवाट)

आज तिथे जाता येतं. झाडांच्या सावलीत जमीन अशी दिसते, जणू कोणी मोठमोठ्या कढया एकमेकींना खेटून मातीत दाबल्यात. तोफगोळ्यांचे खड्डे ते, आता त्यांच्यावर गवत उगवलंय. मधून जुन्या गल्लीच्या वाटेने पायवाट जाते, आणि ठिकठिकाणी खुणेचे छोटे खांब आहेत. इथे बेकरी होती. इथे शाळा. इथे लोहार. खांबाशेजारी पाहावं तर नुसता खड्डा आणि गवत. चर्चच्या जागी 1934 मध्ये छोटं चॅपल बांधलं. रेल्वे स्टेशन होतं तिथे 1967 पासून व्हर्दूनचं युद्धस्मारक उभं आहे.

माती अजून शांत झालेली नाही. 2013 मध्ये याच फ्लरीत 26 फ्रेंच सैनिकांचे अवशेष सापडले. सत्त्याण्णव वर्षं ते तिथेच होते, आणि त्यांतल्या काहींची नावंही पटली.

त्या नऊपैकी सहा गावांत आजही कोणी राहत नाही. दुओमों, व्हो आणि ऑर्न ही तीन गावं मात्र थोडीफार पुन्हा वसली होती. तिथे माणसं आहेत. 2019 च्या सुरुवातीला त्यांतली दुओमों आणि व्हो ही दोन गावं कारभारासाठी एकत्र केली गेली, दोघांची मिळून एक कम्यून झाली. फ्लरी अजून वेगळंच आहे. त्याचा मेअर समारंभाला तिरंगी पट्टा खांद्यावरून घेतो, आणि 422 जणांची नातवंडं-पतवंडं आली की त्या खांबांमधून त्यांच्यासोबत चालतो.