ऐकू येऊ नये अशी गिटार

श्रोतेहो, नमस्कार.

गिटार म्हटलं की आपल्याला आठवतो तो रंगमंचाच्या पुढे येऊन, डोळे मिटून सोलो वाजवणारा माणूस. नाहीतर कॉलेजच्या गॅदरिंगमधला, चार कॉर्डवर अख्खी रात्र निभावून नेणारा मुलगा. आज मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो गिटारवाला बँडमध्ये खुर्चीवर बसून असायचा. एकाच बँडमध्ये जवळजवळ पन्नास वर्षं. सोलो जवळपास नाहीतच. त्याचं नाव फ्रेडी ग्रीन, आणि बँड अमेरिकेतल्या काउंट बेसी या जॅझ पियानोवाल्याचा.

आम्ही काही हौशी मंडळी मुंबईत रविवारी सकाळी जमतो आणि याच पद्धतीची, नुसता ताल धरून ठेवणारी रिदम गिटार घोटतो. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी कॉलेजात शिकवणारे, आणि एक वांद्र्याचे अंकल, ज्यांचे वडील हॉटेलांच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. घरची माणसं विचारतात, "तासभर नुसतं झक झक झक झक? गाणं कधी सुरू करणार?" प्रश्न रास्त आहे. एका मापात, म्हणजे छोट्याशा आवर्तनात, चार मात्रा, चारही मात्रांवर वरून खाली एकेक ठोका, आणि हे गाणं संपेपर्यंत. कागदावर लिहिलं तर एका ओळीत मावेल एवढाच हा प्रकार.

पूर्वी हे काम बँजोकडे होतं. बँजोवर कातडं ताणलेलं, त्यामुळे आवाज खणखणीत. ध्वनिमुद्रण भोंग्यासमोर बसून व्हायचं, आणि त्या भोंग्याला गिटारीचा मऊ आवाज पकडता यायचा नाही. १९२५च्या सुमारास मायक्रोफोनवर ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि गिटारीचे दिवस आले. फिलाडेल्फियाच्या एडी लँगने ती अशी काही वाजवून दाखवली की बँजोवाले एकामागून एक गिटारीकडे वळले. लँग बिचारा १९३३ मध्ये, तिशीतच गेला. त्याच काळात बँडमधला ट्यूबा मागे पडून डबल बेस आला आणि दोन ठोक्यांची चाल जाऊन चार सारख्या ठोक्यांची चाल रुळली.

गिटारही वेगळी लागते. तिला आर्चटॉप म्हणतात. पुढची फळी सपाट नसते, व्हायोलिनसारखी कोरून फुगवलेली असते, आणि गोल भोकाऐवजी दोन बाजूंना दोन लांब वळणदार चिरा. गिब्सन कंपनीने १९२२ मध्ये एल-५ नावाची अशी गिटार काढली. १९३४ मध्ये तिच्याहून मोठी आणली, तिचं नाव सुपर ४००, कारण किंमत चारशे डॉलर. ऐन मंदीत चारशे डॉलरची गिटार विकायला काढणाऱ्यांचं मला आजही कौतुक वाटतं. या गिटारींचा आवाज एकदम उसळतो आणि लगेच विरतो. गाण्याची साथ करायला एकट्याने बसलात तर ती रुक्ष वाटेल. पण पितळी वाद्यांच्या भिंतीतून वाट काढायला असाच आवाज हवा.

आता फ्रेडी ग्रीनकडे येऊ. जन्म १९११, दक्षिण कॅरोलायनातलं चार्ल्स्टन गाव. सुरुवात बँजोवर. पुढे न्यूयॉर्कमध्ये ग्रेनिच व्हिलेजमधल्या ब्लॅक कॅट नावाच्या क्लबात वाजवत असताना जॉन हॅमंड या पारखी माणसाने त्याला ऐकलं आणि बेसीकडे नेलं. साल १९३७. तिथे त्याला सोबती मिळाले ते बेसवर वॉल्टर पेज, ड्रमवर जो जोन्स आणि पियानोवर खुद्द बेसी. जो जोन्सने ताल मोठ्या ड्रमच्या धपधपाटातून काढून हाय-हॅटच्या झांजांवर नेला होता. बेसी पियानोवर मोजकेच सूर टाकायचा. म्हणजे मधे जागा मोकळी झाली, आणि त्या जागेत ही गिटार बसली.

त्याने एकदा विजेची गिटारही करून पाहिली म्हणतात. तेव्हा चार्ली ख्रिश्चनने विजेच्या गिटारीवर धमाल उडवून दिली होती, तर कुणाला मोह होणार नाही? पण ग्रीन सोलो घ्यायला लागला की खालचा पाया हलायचा. मग म्हणे सहकाऱ्यांनी एके दिवशी त्याच्या ॲम्प्लिफायरचा प्लग लपवला, दुसऱ्या दिवशी वायर काढली, असं करत करत तो ॲम्प्लिफायर कायमचा निकामी केला. किस्सा थोडा फुगवलेला असेलही. ग्रीन मात्र शेवटपर्यंत ॲम्प्लिफायरशिवायच वाजवत राहिला, आणि तारा इतक्या उंच बांधायचा की दुसऱ्या कुणाची बोटं दाबतानाच रडकुंडीला यावीत. १९५० मध्ये बेसीने खर्च झेपेना म्हणून मोठा बँड मोडून छोटा केला. त्यात ग्रीनला घेतलं नव्हतं. तर हा पठ्ठ्या एक दिवस गिटार घेऊन न बोलावता स्टेजवर येऊन बसला, आणि तिथून पुढे उठला नाही. १९८४ मध्ये बेसी गेला तरी बँड चालू होता आणि ग्रीनही, १९८७ मध्ये स्वतः जाईपर्यंत.

तो नेमकं काय वाजवायचा, हे आता थोडं जवळून सांगतो. हाताशी गिटार असेल तर घ्या, नसेल तर नुसतं ऐका.

आपण गिटार शिकतो तेव्हा सहाही तारा दाबून भरघोस कॉर्ड वाजवायला शिकतो. इथे तीनच तारा बोलतात: सहावी (सगळ्यात जाड), चौथी आणि तिसरी. जी सिक्स हा कॉर्ड घ्या. मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्या पट्टीत (पट्टी म्हणजे इथे गिटारीच्या गळ्यावरचा फ्रेट). त्याच बोटाची कड पाचव्या तारेला हलकेच टेकवून ठेवायची, म्हणजे ती मुकी राहते. तर्जनी चौथ्या तारेवर दुसऱ्या पट्टीत, अनामिका तिसऱ्या तारेवर चौथ्या पट्टीत. खालच्या दोन तारांना हात लावायचा नाही. त्या सुरांची जागा ट्रंपेट आणि सॅक्सोफोनची.

आता पुढे चला. मधलं बोट चौथ्या पट्टीत, तर्जनी तिसऱ्या पट्टीत, अनामिका जागेवरच. हा झाला जी शार्प डिमिनिश्ड. मग तिन्ही तारा पाचव्या पट्टीत, ए मायनर सेव्हन. मग फक्त चौथी तार एक पट्टी मागे, पाचव्यावरून चौथीत, आणि झाला डी सेव्हन. चार कॉर्ड, चार माप. आता यातली चौथी तार एकटी ऐका. दुसरी पट्टी, तिसरी पट्टी, पाचवी, चौथी. ही चालच झाली की! वरचा सूर जवळपास हलत नाही, खालचा पायरी पायरीने चढतो, आणि मधून ही छोटीशी चाल निघते. ग्रीनच्या मुद्रणांचा अभ्यास करणाऱ्यांना असं आढळलं, की पुष्कळदा तो बोटं तिन्ही तारांवर ठेवायचा, पण जोर या एका चौथ्या तारेवर द्यायचा. बाकीच्या नुसत्या सळसळायच्या. डबल बेसच्या वरचा आणि पियानोच्या डाव्या हाताच्या आसपासचा हा सूर, म्हणून तो कुणाच्या पायात येत नाही.

हे डाव्या हाताचं. पण खरी गंमत ठोका पडल्यानंतर आहे. तार छेडली की लगेच बोटांचा दाब सोडायचा, बोटं मात्र तारेवरून उचलायची नाहीत. उचलली तर तार उघडी वाजेल. सोडायला उशीर झाला तर सूर लांबतो आणि चाल जड होते. फार लवकर सोडला तर नुसता टकटकाट. एक आणि तीनवर सूर किंचित लांब, दोन आणि चारवर आखूड, असं काहीजण वाजवतात. आमच्या अंकलना ते पसंत नाही. त्यांचं म्हणणं, चारही सारखे हवेत, दोन आणि चारचा भार ऐकणाऱ्याला आपोआप जाणवला पाहिजे. यावर आमच्याकडे चहा गार होईपर्यंत वाद होतो.

हा दोन-चारचा भार आपल्या अंगात सहजी येत नाही. आपले कान समेवर वाढलेले. केहरव्यात पहिल्या मात्रेवर मान हलते, टाळी पडते. जॅझमध्ये टाळी दोनवर आणि चारवर. म्हणून आम्ही मेट्रोनोमही, म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणारं यंत्र, तसाच लावतो. लय मिनिटाला १२० ठोक्यांची हवी असेल तर मेट्रोनोम ६० वर ठेवायचा आणि त्याचा प्रत्येक टक हा दोन किंवा चार आहे असं धरायचं. एक आणि तीन आपल्या पोटातून यायला हवेत. पहिल्या दिवशी मेट्रोनोमच चुकतोय असं प्रत्येकाला वाटतं.

मग हे घरी एकट्याने का नाही करायचं? करावंच. बोटं घरीच तयार होतात. पण एकट्याने वाजवताना ही गिटार कायम ऐकू येते, आणि तिथेच सगळा घोळ आहे. दिंडीत वीस टाळकरी असतात, त्यातला एक वेगळा ऐकू आला तर समजावं त्याचा टाळ चुकला. आमच्याकडे तसंच. नवा कुणी मन लावून, ताकदीने वाजवायला लागला की अंकल हात वर करून थांबवतात आणि म्हणतात, "बाबा, तुझी गिटार ऐकू येते रे मला." त्याला ती शाबासकी वाटते. दोन-तीन रविवारांनंतर कळतं की ती तक्रार होती.

युरोपात याच काळात दुसरी एक वाट निघाली होती. १९३४ मध्ये पॅरिसला गिटारवाला जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवाला स्तेफान ग्रापेली यांचा पंचकडी बँड उभा राहिला. त्यात ड्रम नव्हताच. बाकीचे दोन गिटारवाले आणि एक बेस मिळून ड्रमचं काम करायचे. त्या चालीला ला पाँप म्हणतात. तिच्यात उलट्या हाताचा एक झटका असतो, ती जास्त उड्या मारते. आमच्यातले दोघे तिच्या प्रेमात आहेत. मी नाही. पण दोन गिटारी एकमेकींत विरघळल्या पाहिजेत, हे तिथेही तसंच.

मुंबईला हे संगीत अनोळखी नाही. १९३५ मध्ये अमेरिकन लिऑन ॲबीचा जॅझ बँड ताजमहाल हॉटेलात आला, मागोमाग टेडी वेदरफर्डसारखे वादक आले, आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून गोव्याचे वादक उभे राहिले. हळदोण्याचे ट्रंपेटवाले अँतोनियो झेवियर वाझ, ज्यांना सगळी मुंबई चिक चॉकलेट म्हणायची, ते त्यातलेच. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्यांना आपल्या वाद्यवृंदात घेतलं आणि स्विंगची, म्हणजे या नाचऱ्या जॅझची, ती चाल घराघरातल्या रेडिओवर पोचली. त्या वाद्यवृंदांमध्ये रिदम गिटार हे रीतसर काम होतं. ट्रंपेटवाल्याचं नाव निदान काही जाणकारांना माहीत असे, रिदम गिटारवाल्याचं ना रेकॉर्डवर ना पडद्यावर.

लोकांना वाटतं वेगात वाजवणं अवघड. द्रुत लयीत मनगट दुखतं, खरं आहे, पण लय तुम्हाला ओढून नेते. अवघड असते ती संथ. १९५७ मध्ये बेसीच्या बँडने नील हेफ्टीची 'लिल डार्लिन' ही रचना मुद्रित केली. हेफ्टीने ती बऱ्यापैकी चालत्या लयीत बांधली होती. बेसीने ती इतकी हळू केली की दोन ठोक्यांच्या मधे माणूस चष्मा पुसून घेईल. संधी मिळाली तर ती ऐका, आणि गिटार शोधा. पहिल्या वेळी सापडणार नाही. मग एकदा सापडली की दुसरं काही ऐकूच येत नाही.

या संथ लयीसाठी आमचा एक व्यायाम आहे, दोघे असलात तरी करता येतो. चार मापं सगळ्यांनी वाजवायची, पुढची चार मापं कुणीच नाही. पाय हलवायचा नाही, मान हलवायची नाही, एकमेकांकडे बघायचं नाही. आणि नवव्या मापाच्या पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी एकदम यायचं. प्राध्यापक मंडळी नेहमी अर्धी मात्रा आधी येतात, बँकवाले नंतर. अंकल बरोबर मात्रेवर येतात, आणि आम्हा बाकीच्यांची वाट बघितल्यासारखा चेहरा करतात.

नमस्कार.