ये की गं, धर झील

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ऑनलाईन कार्यक्रमांबद्दल, म्हणजे शाहीर घरात मोबाईलसमोर बसून गातो त्याबद्दल, पण खरं सांगू, मला एका रात्रीचीच गोष्ट सांगायचीय.

1 ऑगस्ट 2020. लोकशाहीर अण्णा भाऊ साठेंच्या जन्माला त्या दिवशी 100 वर्षं झाली. गाव त्यांचं वाटेगाव, वाळवा तालुका. त्याच तालुक्यात माझ्या ओळखीचे एक शाहीर आहेत, कवनं स्वतः लिहितात, चालही स्वतःच लावतात. लॉकडाऊनमध्ये जत्रा गेल्या, सुपाऱ्या गेल्या. मी म्हटलं, तात्या, ऑनलाईन करूया.

पावसाचे दिवस, डफाचं कातडं सैल पडलेलं. तात्यांनी चुलीच्या जाळावर धरून तापवला, टिचकी मारली, खण्ण वाजला. जाता जाता सांगते, हल्ली प्लास्टिकच्या पानाचे डफ निघालेत, ते पावसाला दाद देत नाहीत हे खरं, पण तो आवाज छातीत लागत नाही, मला तरी नाही आवडत.

तर तात्यांनी नमन धरलं आणि माझ्या मोबाईलवर नुसता गळा, डफ नाहीच! मीटिंगचं अ‍ॅप माणसाचं बोलणं ठेवतं आणि बाकीचं, पंख्याची घरघर म्हणा, कुत्र्याचं भुंकणं म्हणा, गोंगाट समजून कापतं, त्यात डफही गेला आणि तुणतुणंही गेलं. पोटात कालवलं हो. तात्यांच्या नातीनं सेटिंगमध्ये जाऊन ओरिजिनल साऊंड चालू केला. मंडळी, असा कार्यक्रम ठेवणार असाल तर पहिलं हेच बघा, ओरिजिनल साऊंड. परत सांगते, ओरिजिनल साऊंड.

डफ आला, तर झील, म्हणजे शाहिरामागून सूर धरणारी साथ, ती येईना. तिघं झीलकरी आपापल्या घरी मोबाईलवर, आणि त्यांचं "जी जी रं जी" पोचायचं पुढची ओळ निम्मी झाल्यावर, कारण नेट कितीही भारी घ्या, आवाजाला जाऊन यायला वेळ लागतोच, आणि ताल अशी उधारी चालवून घेत नाही. एकट्यानं रेटायचं म्हटलं तर शाहिरी एकट्याची नव्हेच, लालबावटा कलापथकात अण्णा भाऊ, अमर शेख, गव्हाणकर हे तिघं शाहीर मिळून उभे राहायचे.

तात्या थांबले. मान वळवून आत बघितलं. काकी पदराला हात पुसत दारात उभ्या, 30 वर्षं नवऱ्याची कवनं चुलीपाशी बसून ऐकलेली, शब्दन् शब्द पाठ, पण फडात कधी पाऊल नाही. तात्या एवढंच म्हणाले, "ये की गं, धर झील."

काकी येऊन बसल्या, नजर जमिनीकडं. पहिली जी कापरी आली, दुसरी सावरली, आणि तिसऱ्या चौकाला, म्हणजे कवनाच्या तिसऱ्या कडव्याला, तर तात्या श्वास घेईपर्यंत काकींनी सूर उचललेला!

बिदागीचं तेवढं सांगते. फुकट बघून लाईकचा अंगठा टाकला म्हणजे बिदागी झाली नाही, शाहिरानं क्यूआर कोड दाखवला असेल तर 50 रुपये का होईना पाठवा. डफाचं कातडंही विकतच येतं.

आता त्या रात्रीचं रेकॉर्डिंग लावते. हेडफोन असेल तर घाला कानात. तिसऱ्या चौकात तात्यांच्या मागून बारीक, टिपेचा आवाज येईल बघा, तो काकींचा.