दुसरी मॅच विका

मागे आवाज येतोय ना? ओके. पुढच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, कोणाला यायचं असेल तर या, रिकाम्या खुर्च्यांवर मी पुढे बोलणारच आहे.

मला विषय दिलाय आपल्या देशातली फुटबॉल लीग, तिचं मार्केटिंग आणि प्रेक्षक कसे वाढवायचे. होर्डिंग, रील्स, हॅशटॅग वगैरेवर मी फार बोलणार नाही, ते तुमच्यातल्या तरुण मंडळींना माझ्यापेक्षा जास्त कळतं. माझं म्हणणं साधं आहे. बहुतेक लीग सगळा पैसा माणसाला पहिल्यांदा स्टेडियममध्ये आणण्यात घालवतात, आणि तोच माणूस दुसऱ्यांदा का येईल याचा विचार कोणाच्याच कामात बसत नाही.

मी एका क्लबच्या तिकीट विभागात काही सीझन काढलेत, नाव घेत नाही. एकदा आम्ही जोरदार जाहिरात केली, भोंगे लावले, शाळांमध्ये जाऊन आलो आणि खरंच गर्दी झाली, नेहमीच्या जवळजवळ दुप्पट. मॅच आम्ही जिंकलो पण. सुटल्यावर मी बाहेरच्या गेटवर उभा होतो, सगळे खूश, आणि एक माणूस आला, खांद्यावर पोरगी, सहा-सात वर्षांची असेल, गालावर लावलेला क्लबचा रंग घामाने हनुवटीपर्यंत ओघळलेला. त्याने गेटवरच्या पोराला विचारलं, पुढची मॅच कधी आहे? पोराने शेजारच्याकडे बघितलं, शेजारच्याने माझ्याकडे, आणि मला, तिकीट विभागातल्या माणसाला, तारीख सांगता येईना. मी म्हटलं, वेबसाइटवर टाकतील. तो म्हणाला, बरं. आणि गेला. पुढे तो कधी आला की नाही मला माहीत नाही, कारण आम्ही ना त्याचा नंबर घेतला होता ना नाव. इतका खर्च करून दारात आणलेलं गिऱ्हाईक आम्ही 'बरं' वर सोडून दिलं.

आता मोठी उदाहरणं घेऊ. लीगला प्रेक्षक नाहीत म्हटलं की पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो म्हणजे स्टार आणा. अमेरिकेत १९७५ला पेले न्यूयॉर्कच्या कॉसमॉस क्लबमध्ये आला आणि १९७७ला त्यांच्या एका मॅचला जायंट्स स्टेडियममध्ये ७७ हजारांवर लोक होते, खोटं नाही, रेकॉर्ड आहे. कॉसमॉस ज्या लीगमध्ये खेळायचे तिचा १९८४ हा शेवटचा सीझन. म्हणजे तुडुंब भरलेल्या स्टेडियमपासून कुलूप लागेपर्यंत सातच वर्षं. चीनमध्ये तर त्याहून वाईट, तिथे २०१६-१७च्या आसपास युरोपातले खेळाडू वाटेल त्या भावाने उचलले गेले, आणि जिआंग्सूचा क्लब २०२०ला चॅम्पियन झाला आणि तीन-साडेतीन महिन्यांत, २०२१च्या फेब्रुवारीत, त्याने काम थांबवलं. चॅम्पियन क्लब बंद! मालकाचा मूळ धंदा अडचणीत आला आणि मालकाशिवाय क्लबला उभं धरणारं दुसरं काही नव्हतं.

स्टार नकोच असं नाही म्हणत मी. ब्राझीलचा झिको बघा. १९९१ला तो जपानला गेला तो सुमितोमो मेटल्स या कंपनीच्या टीमकडे, आणि ती टीम तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होती. तीच पुढे काशिमा अँटलर्स झाली. काशिमा म्हणजे छोटंसं गाव, जे.लीग म्हणजे जपानची १९९३ला सुरू झालेली नवी लीग, तिचे लोक त्यांना घ्यायलाच तयार नव्हते, छत असलेलं १५ हजारांचं स्टेडियम बांधून दाखवा म्हणाले, त्यांनी बांधलं. १९९३ला पहिल्याच मॅचला झिकोची हॅटट्रिक, नागोयाला ५-० मारलं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तो माणूस येऊन हात हलवून गेला नाही, पोरांना बूट नीट ठेवण्यापासून शिकवत बसला, रिटायर झाल्यावर पुन्हा त्याच क्लबच्या कामात आला. आज स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे. पाहुणा आणि घरचा यातला हा फरक आहे, आणि तो प्रेक्षकाला बरोबर कळतो.

जे.लीगवर अजून थोडं थांबतो कारण शिकण्यासारखं तिथे खूप आहे. १९९३च्या आधी जपानमध्ये कंपन्यांच्या टीमची लीग होती, १९६५पासूनची, आणि कंपनीच्या टीमला पाठिंबा देणार कोण तर कंपनीतले लोक, तेही साहेब बघतोय म्हणून. नवीन लीगने सांगितलं, टीमच्या नावातून कंपनी काढा, गावाचं नाव लावा. मित्सुबिशीची टीम उरावा रेड्स झाली. हे मला आजवरचं सगळ्यात भारी मार्केटिंग वाटतं, कारण त्यात जाहिरात कुठेच नाहीये, नुसतं नाव बदललंय, पण त्या नावाने उरावातल्या माणसाला सांगितलं की हे तुझं आहे. आणि तरीसुद्धा नव्याचे नऊ दिवस संपलेच हां! १९९४ला मॅचमागे सरासरी १९ हजारांवर प्रेक्षक होते, १९९७ला ते १० हजारांवर आले. निम्मे. ज्यांना फॅशन म्हणून यायचं होतं ते येऊन गेले. मग लीगने काय केलं, तर १९९६लाच 'शंभर वर्षांचं स्वप्न' म्हणून एक भूमिका मांडली होती ती धरून ठेवली, लहान लहान शहरांमध्ये क्लब उभे राहू दिले, १९९९ला दुसरी डिव्हिजन काढली. आज तीन डिव्हिजन मिळून ६० क्लब आहेत. हळूहळू, कंटाळवाणं काम. आपल्याकडे मात्र तीन वर्षांत रिझल्ट दाखवा म्हणतात.

फुकट तिकिटांचा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, म्हणून तो इथेच घेतो. फुकट वाटणं वाईट असं एक ठरलेलं उत्तर आहे आणि ते अर्धंच खरं आहे. जपानमधल्याच निइगाताने वर्ल्डकपसाठी बांधलेलं मोठं स्टेडियम मिळाल्यावर परिसरातल्या लोकांना मोठ्या प्रमाणात फुकट तिकिटं वाटली, तेव्हा ते दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होते. २००५ला पहिल्या डिव्हिजनमध्ये त्यांची सरासरी ४० हजारांच्या वर गेली. त्यात वाटण्याची पद्धत बघा, चौकात उभं राहून जो येईल त्याच्या हातात कोंबली नाहीत, रहिवाशांच्या संघटनांमधून वाटली, म्हणजे शेजारी शेजाऱ्याबरोबर आला, आणि पुढच्या वेळी एक जण निघाला की दुसऱ्याला घरी बसवेना. तुम्ही फुकट वाटणार असाल तर निदान कोणाला दिलं ते लिहून ठेवा. आणि दर मॅचला वाटू नका, नाहीतर जो इमानदारीत पैसे भरून सीझन तिकीट घेतो त्याला आपण येडे ठरलो असं वाटतं, आणि तो एक माणूस गेला की पन्नास फुकटे आले तरी भरून निघत नाही.

आता दुसरी चूक, आणि ही मला जास्त चिडवते. जे फुटबॉल बघत नाहीत त्यांच्यासाठी फुटबॉल बदलायचं! १९९६ला अमेरिकेत एमएलएस ही नवी फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हा घड्याळ उलटं चालायचं, शून्यावर आलं की खेळ संपला, आणि ड्रॉ नको म्हणून ३५ यार्डांवरून खेळाडूने एकट्याने बॉल घेऊन पळत यायचं, पाच सेकंदात गोल मारायचा. का, तर अमेरिकन माणसाला ड्रॉ आवडत नाही. झालं काय, ज्याला फुटबॉल नको होतं त्याला ते तरीही नको होतं आणि ज्याला हवं होतं तो म्हणाला हे काय फुटबॉल आहे. २०००च्या सीझनपासून दोन्ही बंद केलं. त्याच लीगमध्ये पुढे सिएटलने उलटं केलं. २००८ला क्लबच्या नावासाठी लोकांचं मत घेतलं, तीन नवीन नावं ठेवली, आणि त्यात शहराचं जुनं, पिढ्यांच्या तोंडात बसलेलं 'साउंडर्स' हे नाव ठेवलंच नाही. पण यादीबाहेरचं नाव लिहायची सोय होती. लोकांनी तेच लिहिलं आणि तेच जिंकलं! क्लब शहाणा, त्याने ऐकलं. २००९च्या पहिल्या सीझनला सरासरी ३० हजारांच्या वर. शिवाय जनरल मॅनेजर ठेवायचा की काढायचा यावर तिथले सदस्य मतदान करतात. ज्याने मत दिलंय तो माणूस पाऊस आहे म्हणून घरी बसत नाही हो.

मॅचची वेळ हे पण मार्केटिंगच आहे, पण ती ठरवतं कोण, तर चॅनेल. जर्मनीत पहिल्या डिव्हिजनमध्ये २०१७-१८पासून सोमवारी रात्री मॅच ठेवायला लागले, सीझनमध्ये फक्त पाच, तरी फ्रँकफर्टच्या लोकांनी मैदानात टेनिस बॉलचा पाऊस पाडला आणि खेळ थांबवला. २०२१-२२पासून सोमवार बंद. तिथे क्लबच्या निम्म्याहून जास्त मतांवर सदस्यांचा हक्क असतो, ५०+१ म्हणतात त्याला, म्हणून ते ऐकावं लागलं. याउलट इंग्लंडमध्ये छोट्या क्लबांसाठी २०१०पासून 'नॉन-लीग डे' करतात, राष्ट्रीय टीमची मॅच असते म्हणून वरच्या दोन डिव्हिजन बंद असतात त्या शनिवारी. मोठ्या दुकानाला सुट्टी आहे त्या दिवशी आपलं शटर वर. युरोपच्या लीगशी टीव्हीवर कुस्ती करू नका, ती हरणारच आहे, त्या झोपलेल्या असतात तेव्हा खेळा.

आणि रिकाम्या खुर्च्या. चार हजार लोक ५० हजारांच्या स्टेडियममध्ये बसवले तर ते कोणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखे दिसतात, तेच चार हजार सहा हजारांच्या ग्राउंडवर बसवा, कान किटतात. मोठंच मैदान वापरायची सक्ती असेल तर तीन बाजू बंद करा आणि सगळ्यांना कॅमेऱ्याच्या समोरच्या स्टँडमध्ये एकमेकांना खेटून बसवा. याला पैसे लागत नाहीत. आम्ही हे सुचवलं तेव्हा उत्तर आलं की व्हीआयपींना ती बाजू उन्हाची पडते.

वेळ संपत आलीय, चिठ्ठी आली. त्या गेटवरच्या प्रसंगानंतर मी मीटिंगमध्ये भांडून एक गोष्ट मंजूर करून घेतली, बाहेर पडायच्या गेटवर एक मोठा बोर्ड, त्यावर पुढच्या मॅचची तारीख, वेळ आणि समोरची टीम, बस. पुढच्या मॅचला गेलो, बोर्ड लागला होता, अक्षर पण छान काढलं होतं. पण तोंड बाहेरच्या बाजूला. येणाऱ्याला दिसत होतं, जाणाऱ्याला मागची प्लायवुड. फिरवायला तीन मॅच गेल्या. चला, विचारा आता, कोणाचा पहिला प्रश्न?